पाय उतरले, पण छाती? – डिस्चार्जच्या दिवशीची फुफ्फुसाची सोनोग्राफी

गवती_चहा (धागाकर्ती) – रविवार, रात्री १०:४०

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहायला बसले. विषय रुक्ष आहे, पण घरात हार्ट फेल्युअरचा पेशंट असेल तर कामाचा आहे.

तालुक्याच्या गावी आमचं बारा खाटांचं हॉस्पिटल. मी एमडी मेडिसिन. गेल्या आठवड्यात एक आजी होत्या, वय अडुसष्ट, हृदयाचं पंपिंग तीस टक्के. आल्या तेव्हा आदली रात्र उशा रचून बसून काढलेली. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले, बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. पाच दिवस शिरेतून लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) दिलं. वजन ६१.४ वरून ५६.८ किलोवर आलं, घोट्याची हाडं दिसायला लागली. आजी सपाट झोपून घोरू लागल्या. पाठ ऐकली तर स्वच्छ, ऑक्सिजन ९६. मुलानं पिशव्या बांधल्या, दाराशी टमटम येऊन उभी.

मी सोनोग्राफीचा प्रोब उचलला आणि आजींच्या कुशीला लावला.

"बाई, पोटातलं बाळ बघायचं मशीन छातीला कशापायी?"

प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायच्या आतच पडद्यावर दिसलं. उजव्या काखेखाली, दोन बरगड्यांच्या एकाच फटीत चार-पाच उभ्या पांढऱ्या रेघा, वरपासून पार तळापर्यंत, श्वासाबरोबर डुलणाऱ्या. थोडं मागे सरकले तर रेघा एकमेकींत मिसळून पांढरं धोतर वाळत घातल्यासारखं. डाव्या बाजूलाही तेच, जरा कमी. पाय कोरडे आणि छाती ओली!

टमटम परत पाठवली. मुलगा वैतागला, त्यात त्याची चूक नाही. दोन दिवसांची मजुरी आणि परतीचं भाडं दोन्ही त्याच्याच खिशातून जाणार होतं. लॅसिक्सचा डोस वाढवला, दोन दिवसांत आणखी पावणेदोन किलो उतरले. रेघा संपल्या नाहीत, पण एका फटीत एखाद-दुसरी इतपत आल्या. मग सोडलं.

हे सुचलं कारण याआधी एकदा चांगलंच पोळलंय. असेच एक काका, असेच कोरडे पाय, हसत घरी गेले. नवव्या दिवशी पहाटे तीनला परत, तोंडाला गुलाबी फेस. वाचले, पण पंधरा दिवस खाटेवर. तेव्हाही हे यंत्र आमच्याच हॉस्पिटलात, दोन खोल्यांपलीकडे होतं. आम्ही त्यानं पित्ताशयातले खडे बघत होतो.

थोडी पार्श्वभूमी. फुफ्फुसात हवा, हवेतून सोनोग्राफीचा ध्वनी पुढे जात नाही, म्हणून फुफ्फुसाची सोनोग्राफी होत नाही, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. डॅनिएल लिश्तेनश्टाइन नावाच्या फ्रेंच अतिदक्षता-तज्ज्ञानं १९९७ मध्ये दाखवून दिलं की फुफ्फुस दिसत नसलं तरी त्याच्या खोट्या सावल्या दिसतात, आणि त्या सावल्याच बोलतात. कोरड्या फुफ्फुसात आडव्या रेघा (ए-लाइन), हवेच्या पिशव्यांमधल्या भिंती पाण्यानं फुगल्या की उभ्या (बी-लाइन). इटलीत पिसा इथल्या यूजेनियो पिकानोंच्या गटानं पुढे हे हृदयरोगाला जोडलं. धूमकेतूच्या शेपट्यांसारख्या दिसतात म्हणून त्यांनी या रेघांना 'कॉमेट' म्हटलं. त्याच शहरातून २०१५ मध्ये आलेल्या एका अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या १०० रुग्णांची घरी जाण्याआधी छातीवर २८ जागी तपासणी करून रेघा मोजल्या. बेरीज १५ च्या वर असलेले पुढच्या सहा महिन्यांत कितीतरी जास्त वेळा परत भरती झाले.

माझा प्रश्न साधा आहे. डिस्चार्ज देताना आपण पाय, वजन आणि स्टेथोस्कोप बघून सोडतो. छातीत किती पाणी उरलंय हे कोणी बघतं का? इथे डॉक्टर, नर्स, पेशंटचे नातेवाईक सगळेच आहेत. बोला.

---

मिसळ_कमी_तिखट – रविवार, रात्री ११:०५

धोतराची उपमा जमली आहे. वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या आबांना डॉक्टरांनी लोणचं-पापड बंद सांगितलं तर आबा म्हणाले, मग जगून काय करू. सध्या रोज पापड अर्धाच खातात आणि त्यालाच 'बंद' म्हणतात.

---

कोरडवाहू – सोमवार, सकाळी ७:५०

धाग्यासाठी मनापासून आभार. वडिलांचं पंपिंग २५. गेल्या वर्षात तीनदा भरती. दर वेळी 'सूज उतरली, आता न्या' म्हणून घरी पाठवतात आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा तेच. एक कळत नाही. पाय उतरल्यावर छातीत पाणी राहतं कसं? पाणी एकच ना?

---

गवती_चहा – सोमवार, दुपारी २:१५

@कोरडवाहू, हृदयाच्या दोन बाजू, त्यामुळे तुंबणंही दोन ठिकाणी. उजव्या बाजूचा दाब वाढला की मानेच्या शिरा फुगतात, यकृत फुगतं, पाय सुजतात. डाव्या बाजूचा वाढला की मागे फुफ्फुसात पाणी झिरपतं. बहुतेकांत दोन्ही असतं, पण दोन्ही एकाच वेगानं उतरतील असं नाही.

दुसरी गंमत स्टेथोस्कोपची. फुफ्फुसात पाणी म्हणजे तळाशी चुरचुर ऐकू यायला हवी असं आम्ही घोकलेलं. पण ज्यांचं हृदय वर्षानुवर्षं कमकुवत आहे त्यांच्या फुफ्फुसातल्या लसिकावाहिन्या जास्तीचं पाणी वाहून न्यायला सरावतात. दाब भरपूर असूनही आवाज स्वच्छ. १९८९ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन्सन आणि पर्लॉफ यांनी जुनाट हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत थेट नळी घालून दाब मोजले. दाब खूप वाढलेल्या ४३ जणांपैकी १८ जणांत चुरचुर, पायाची सूज, मानेची फुगलेली शीर यांपैकी काहीच नव्हतं. लेनेकनं १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून छाती ऐकली तेव्हापासून आपण त्या नळीवर विसंबून आहोत. मी अजूनही गळ्यात घालते, फक्त तिचा शब्द शेवटचा मानत नाही.

---

भोसरीचा_वेल्डर – सोमवार, रात्री ९:२०

मी डॉक्टर नाही आणि वेल्डरही नाही, आयडी जुना आहे. भोसरीला वेल्ड तपासतो, अल्ट्रासॉनिक टेस्टिंग. तुमच्या आडव्या रेघांचं वाचून एकदम घरचं वाटलं!

आम्ही पोलादाच्या प्लेटवर प्रोब ठेवला की प्लेटच्या तळावर आपटून प्रतिध्वनी येतो. तो वरच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो, पुन्हा वर येतो. स्क्रीनवर सारख्या अंतरावर एकामागून एक शिखरं. प्लेट २० मिमीची असेल तर २०, ४०, ६०, ८० वर. खरा तळ एकच, बाकी भुतं. तुमची ए-लाइन हेच ना? कातडीपासून फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत जेवढं अंतर, तेवढ्याच अंतरावर पुढची रेघ?

आणि उभी रेघ कशी तयार होते? आमच्याकडे तसं दिसलं तर आधी प्रोब पुसतो.

---

गवती_चहा – सोमवार, रात्री १०:०२

@भोसरीचा_वेल्डर, अगदी तेच! प्लेटच्या जागी छातीची भिंत आणि तळाच्या जागी प्लुरा, म्हणजे तुम्ही म्हणता ते फुफ्फुसाचं आवरण. पलीकडे हवा, म्हणून ध्वनी पूर्ण परततो आणि येरझारा घालतो.

उभी रेघ म्हणजे ध्वनी एका बारीक सापळ्यात अडकून आतल्या आत घुमतो आणि थोडा थोडा परत येत राहतो. यंत्राला वाटतं उशिरा आलेला ध्वनी म्हणजे खोलवरून आलेला, म्हणून ते तळापर्यंत रेघ ओढत जातं. पाणी साचून जाड झालेली भिंत आणि तिच्या भोवतीची हवा, हा तो सापळा. नेमकं काय घुमतं यावर भौतिकशास्त्राची मंडळी अजून भांडतायत. पण पूर्ण कोरड्या आणि पूर्ण भरलेल्या फुफ्फुसात ही रेघ येत नाही, हवा आणि पाणी शेजारी शेजारी लागतात.

प्रोब आम्हीही पुसतो. आजींच्या वेळी दोनदा पुसला.

---

काळापांढरा – मंगळवार, सकाळी ८:३०

रेडिओलॉजिस्ट. तीस वर्षं याच धंद्यात. उत्साहावर थोडं पाणी ओततो, विषयाला धरूनच आहे.

तुम्ही मोजताय ती सावली आहे, पाणी नाही. सावलीची संख्या प्रोबवर, खोलीवर आणि यंत्राच्या सेटिंगवर बदलते. हल्लीची यंत्रं चित्र गुळगुळीत करायला हार्मोनिक, कंपाउंड असलं बरंच काही आपणहून चालू ठेवतात. त्यानं रेघा पुसतात किंवा फुगतात. पेशंट बसला की रेघा कमी, झोपला की जास्त. सोमवारी बसवून मोजल्या, गुरुवारी झोपवून मोजल्या आणि 'पाणी वाढलं' म्हणून लॅसिक्स ठोकलं, तर किडनीचं काय होईल?

फायब्रोसिस (फुफ्फुसावर कायमचे व्रण) असो, न्यूमोनिया असो की एआरडीएस (फुफ्फुसाला तीव्र सूज), उभ्या रेघा सगळीकडे. २०२० मध्ये कोविड वॉर्डात प्रत्येकाच्या छातीत होत्या. त्या सगळ्यांना हार्ट फेल्युअर होतं काय?

आणि कायदा. पीसीपीएनडीटीखाली (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) यंत्राची नोंदणी, वापरणाऱ्याची नोंदणी, पोर्टेबल असेल तर ते आवाराबाहेर नेता येत नाही. छातीला लावा नाहीतर टाचेला, गर्भ दिसू शकणारं यंत्र ते यंत्र. 'खिशातला स्टेथोस्कोप' वगैरे जाहिराती युरोपात ठीक आहेत.

---

रेसिडेंट_झोपाळू – मंगळवार, दुपारी ४:१० (ड्यूटीवरून)

काका, सर, जे काही असाल ते, मुद्दे बरोबर आहेत. पण पहाटे चारला कॅज्युअल्टीत दम लागलेला माणूस येतो, दमा की हृदय कळत नाही, एक्स-रेवाला झोपलेला असतो, तेव्हा हे दोन मिनिटांत होतं. दम्याच्या फुफ्फुसात आडव्या रेघा, पाणी भरलेल्यात उभ्या. इटलीतल्या सात इमर्जन्सी विभागांत हजारावर रुग्णांवर अभ्यास झाला होता, २०१५ ला छापून आला. तपासणी आणि सोनोग्राफी मिळून हृदयाचा दम ओळखण्याची अचूकता दोन्ही अंगांनी (असेल तर पकडणं, नसेल तर वगळणं) ९७ टक्क्यांच्या आसपास. नुसत्या एक्स-रेला हे जमत नाही.

ताई, मला शिकवायला कोणी नाही. व्हिडिओ बघून करतो. किती जागी बघायचं? २८ जागा बघायच्या तर पेशंटच म्हणेल राहू दे.

---

गवती_चहा – मंगळवार, रात्री ११:३०

उशीर झाला, दोन ॲडमिशन होत्या.

@रेसिडेंट_झोपाळू, २८ संशोधनासाठी. रोजच्या कामाला आठ पुरे. प्रत्येक बाजूला चार, दोन पुढे आणि दोन कुशीला. पोटाचाच कॉन्व्हेक्स प्रोब घे. उभा धरलास की वर-खाली दोन बरगड्यांच्या काळ्या सावल्या आणि मध्ये चमकणारी प्लुरा, पंख पसरलेल्या वटवाघळासारखी. आधी ते वटवाघूळ सापडू दे, मग रेघा. खोली पंधरा सेंटीमीटरच्या आसपास. एका जागी सहा सेकंदांची क्लिप काढ, कारण रेघा श्वासाबरोबर येतात-जातात, स्थिर चित्रात चुकतात.

२०१२ मध्ये व्होल्पिचेल्ली वगैरे मंडळींनी आंतरराष्ट्रीय शिफारशी लिहिल्या, त्यात हिशोब आहे. एका फटीत तीन किंवा जास्त रेघा म्हणजे ती जागा ओली. दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोन किंवा जास्त जागा ओल्या म्हणजे सगळीकडे तुंबलंय. म्हाताऱ्या माणसात तळाशी एखाद-दोन असतातच, त्यावर डोकं खाजवू नकोस. आणि कुशीला खाली गेलास की डायफ्रॅमच्या (छाती-पोटामधल्या पडद्याच्या) वर काळं पाणी दिसतंय का तेही बघ. प्लुरात साचलेलं पाणी हार्ट फेल्युअरमध्ये बहुधा उजवीकडे जास्त.

@काळापांढरा सर, बसणं-झोपणं हा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणून मी आमच्या केसपेपरवर रबरी शिक्काच करून घेतलाय: 'पाठ ४५ अंश, कॉन्व्हेक्स, हार्मोनिक बंद'. पेशंटची तुलना दुसऱ्या पेशंटशी नाही, त्याच्या स्वतःच्या आदल्या क्लिपशी.

फायब्रोसिसचं म्हणाल तर प्लुरा बघा. हृदयामुळे आलेल्या रेघांत प्लुरा सहसा गुळगुळीत असते, रेघा दोन्ही बाजूंना आणि खाली जास्त. फायब्रोसिस किंवा कोविडमध्ये प्लुरा खडबडीत, तुटक. कोविडमध्ये इथे ठिगळ, तिथे ठिगळ. आणि सगळ्यात सोपी परीक्षा लॅसिक्सची. पाणी असेल तर तास-दिवसांत कमी होतं, फायब्रोसिस लॅसिक्सला भीक घालत नाही.

कायद्याबद्दल: आमचं यंत्र नोंदलेलं आहे, ट्रॉलीवर आहे आणि हॉस्पिटलच्या आतच फिरतं. हा त्रास मला जाच वाटत नाही. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी असा कायदा का केला ते आमच्याच जिल्ह्यात शाळेच्या वर्गांतल्या मुली मोजल्या तरी कळतं. आजी विचारतात 'बाळ बघायचं मशीन', त्या प्रश्नाला मागे इतिहास आहे. पण त्याच कायद्यानं हेही होतं की आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरच्या हाती हे यंत्र येत नाही. पेशंट तिथे आणि यंत्र इथे. दोन्ही खरं आहे.

---

टेम्सकाठी – बुधवार, पहाटे ३:४५ (तुमच्या वेळेनुसार)

इंग्लंडमध्ये हार्ट फेल्युअर नर्स आहे, मूळची सांगलीची. आमच्याकडे घरी सोडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही नर्स बघतो. वजन, रक्तदाब, पोटॅशियम, गोळ्या वाढवणं-कमी करणं आमच्याकडे. इथल्या आज्या वजन स्टोनमध्ये सांगतात, "आय हॅव पुट ऑन हाफ अ स्टोन, लव्ह". म्हणजे तीन किलोच्या वर गेल्यावर फोन! तेव्हा मनात म्हणते, बाई, तीन दिवसांत दोन किलो वाढले की लगेच करायचा होता.

वजनाची दुसरी अडचण म्हणजे हार्ट फेल्युअरमध्ये माणूस आतून वाळतही असतो. मांस कमी, पाणी जास्त, काटा तिथेच. म्हणून छाती बघायची कल्पना पटते. बार्सिलोनाचा २०१९ चा प्रयोग आमच्या टीममध्ये वाचला होता. १२३ रुग्ण, अर्ध्यांच्या डॉक्टरांना रेघांची माहिती दिली, अर्ध्यांच्या नाही. सहा महिन्यांत तातडीनं धावत येणं, भरती, मृत्यू मिळून धोका निम्म्यावर.

---

काळापांढरा – बुधवार, सकाळी ९:००

@टेम्सकाठी, तो प्रयोग मीही वाचलाय. फरक मुख्यतः तातडीच्या भेटींत होता, मृत्यूत नाही. आणि पी व्हॅल्यू ०.०४९ (०.०५ च्या खाली असेल तरच निकाल योगायोग नाही असं धरतात), म्हणजे विहिरीच्या काठावर उभं राहून पोहतोय म्हणणं. मेक्सिकोतला २०२० चाही तसाच, तातडीच्या भेटी कमी. अमेरिकेत १३० जणांवर इमर्जन्सीत केलेला ब्लशेड नावाचा प्रयोग तर सपशेल आपटला. रेघा बघून उपचार केलेल्या गटात सहा तासांनी रेघा काही कमी नव्हत्या.

निदानाला उपयोग आहे, ना नाही. पण रेघ बघून औषध बदललं की माणूस जगतो, हे अजून कोणी दाखवलेलं नाही.

---

ड्रायवेट – बुधवार, दुपारी १:२०

डायलिसिस टेक्निशियन. आमच्याकडे उलटं. पेशंट खुर्चीत असतानाच रेघा कमी होताना दिसतात, दोन लिटर काढले की फरक. २००९ मध्ये यावर लेखही आलेला. पण युरोपात लस्ट नावाच्या मोठ्या प्रयोगात रेघांवरून ड्राय वेट (जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन) ठरवून ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठलं नाही. हार्ट फेल्युअरचे झटके मात्र पुन्हा पुन्हा येणं कमी झालेलं, तेही नंतर आकडे तपासताना दिसलेलं.

आमचे नेफ्रो सर म्हणतात रेघा बघा, पेशंटला क्रॅम्प येतोय का तेही बघा.

---

गवती_चहा – बुधवार, रात्री १०:५०

@काळापांढरा सर, विहिरीचा काठ मान्य. मृत्यू कमी होतात असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. बार्सिलोनाच्या कागदात मला वेगळी ओळ महत्त्वाची वाटते: कमी झालं ते 'धावत येणं'. शहरात तातडीची भेट म्हणजे रिक्षानं अर्धा तास. आमच्याकडे म्हणजे रात्री दोनला शेजाऱ्याची जीप, वाटेत बंद पडलेला पूल, ऑक्सिजन नाही. धावत येणं टळलं तरी मला पुष्कळ झालं.

आणि ब्लशेड सहा तासांचा खेळ होता. पाणी सहा तासांत भरलेलं नव्हतं.

एक बाजू कोणी बोललं नाही. मी रेघा बघून लॅसिक्स वाढवते त्याहून जास्त वेळा धीर करून कमी करते. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) चढतंय, पेशंटला उठल्यावर गरगरतंय, आठही जागी आडव्या रेघा, महाशीर (पोटातून हृदयाकडे जाणारी मोठी शीर) बारीक आणि श्वासाबरोबर मिटतेय, म्हणजे माणूस वाळलाय. पूर्वी 'असू दे, हार्ट फेल्युअर आहे' म्हणून तोच डोस चालू राहायचा. उलट छाती कोरडी आणि महाशीर २.१ सेंमीच्या वर, श्वास घेतला तरी हलत नाही, तर पाणी पोटात-पायात आहे. नुसती छाती बघितली असती तर फसले असते.

---

कोरडवाहू – गुरुवार, सकाळी ७:१५

म्हणजे पुढच्या वेळी बाबांना सोडताना मी डॉक्टरांना म्हणू का, छातीची सोनोग्राफी करा? चिडतील का?

---

रेसिडेंट_झोपाळू – गुरुवार, सकाळी ७:४०

चिडतील. तरी म्हणा.

---

गवती_चहा – गुरुवार, दुपारी २:३०

@कोरडवाहू, सरळ 'छातीत पाणी अजून आहे का, कसं बघितलं?' एवढंच विचारा. सोनोग्राफी, एक्स-रे, बीएनपीची रक्ततपासणी, त्यांच्याकडे जे असेल ते सांगतील. (जाड माणसांत बीएनपी कमी येतं, ते लक्षात असू द्या.) घरी रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढले किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या तर लगेच फोन. लॅसिक्सची गोळी डॉक्टरांना न विचारता वाढवू नका, इथे वाचून तर अजिबातच नाही.

---

मिसळ_कमी_तिखट – गुरुवार, दुपारी ३:०५

आबांना काटा आणला. आबा एक पाय भिंतीला टेकवून उभे राहतात. त्यांचं वजन रोज कमी होतंय.

---

काळापांढरा – शुक्रवार, रात्री ९:४५

धागाकर्तीनं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून दहा क्लिप पाठवल्या, नावं आणि तारखा काढून. यंत्रावरच्या पट्ट्यासुद्धा झाकलेल्या, हे बघून बरं वाटलं. मी मोजल्या, तिनं आधीच मोजून ठेवल्या होत्या. सात ठिकाणी आमचं जुळलं. तीन ठिकाणी नाही, आणि तिन्ही जागी रेघा एकमेकींत मिसळलेल्या. तिथे मी 'तीन' म्हणतो, ती 'आठ' म्हणते. मिसळलेल्या रेघा एक-एक मोजायच्या नसतात. फटीचा किती टक्के भाग पांढरा झालाय ते बघून दहानं भागायचं असतं. साठ टक्के पांढरा तर सहा. हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. लिहून टाकतो, नाहीतर उद्या कोणी दुसरा लिहील.

एका क्लिपमध्ये प्लुरा खडबडीत होती. मी म्हटलं हा हृदयाचा पेशंट नाही. तिनं कळवलं की आहे, पण वीस वर्षं चुलीवरच्या खानावळीत स्वयंपाक केलेला. म्हणजे दोन्ही. त्याचा एचआरसीटी (फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) करून घ्या, रेघा किती औषधानं जाणार आणि किती कायमच्या, ते वेगळं व्हायला हवं. नाहीतर कायमच्या रेघांच्या मागे लागून त्याला वाळवाल.

---

टेम्सकाठी – शनिवार, पहाटे ४:२०

सर, हा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या क्लिनिकात लावते. मराठीतच.

---

गवती_चहा – शनिवार, रात्री ८:१०

त्या खानावळवाल्या काकांचा एचआरसीटी सोमवारी. सर, आभार. डोस आज थांबवलाच होता, क्रिएटिनिन चढायला लागलं होतं.

आजी आज फेरतपासणीला आल्या होत्या. वजन ५५.२. नातीनं वहीच्या शेवटच्या पानावर रोजचं वजन लिहून आणलंय, गुणाकाराच्या पाढ्यांच्या खाली. एका दिवसासमोर '५६.९ (आजीनं चप्पल घातली होती)' असं कंसात. मी प्रोब हातात घेतला तर आजींनी स्वतःच पदर बाजूला केला, उजव्या कुशीला बोट लावलं आणि म्हणाल्या, "हितं बघा, हितंच व्हतं ते."

उजवीकडे खाली एक रेघ. डावीकडे एकही नाही.

@काळापांढरा, पुढच्या शनिवारी साडेतीनला येताय ना? हार्मोनिक बंद-चालू करून एकाच पेशंटवर फरक बघू. येताना जेलीचा डबा आणा, आमचा संपलाय.